मेश्रामांच्या तीन नद्या

मेश्राम सकाळी ऑफिसात यायचे, जेवणाचा डबा खिडकीत ठेवायचे, खुर्ची ओढायचे आणि बसायच्या आधीच म्हणायचे, "थकलो बावा."

अजून कामाला हातसुद्धा लागलेला नसायचा. एकदा न राहवून मी विचारलं, "अहो मेश्राम, रात्री झोप लागली नाही का?"

"लागली न जी. पण दिवसभरात थकायचंच आहे, तर आधीच थकून घेतो. मग कामाला मोकळा."

मी हसले. ते हसले नाहीत. स्टीलच्या ग्लासातला चहा त्यांनी संपवला आणि कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. तो ग्लास त्यांनी नागपूरहून आणला होता. ऑफिसच्या कपात चहा प्यायला तर चहा प्यायल्यासारखं वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटाची, बहारीनची. आमची कंपनी अ‍ॅल्युमिनियमची दारं-खिडक्या बनवायची. मुख्य ऑफिस मनामात, वर्कशॉप सलमाबादला आणि मोठ्या कामाचं साइट ऑफिस तिकडे अस्करला. मी मनामात टेलिफोन ऑपरेटर होते. चाळिशीला टेकलेली, ओठांना गडद लिपस्टिक लावणारी आणि स्वतःला कंपनीचा आवाज समजणारी बाई! "गुड मॉर्निंग, हाऊ मे आय हेल्प यू" हे वाक्य मी असं काही म्हणायचे, की खरा इंग्रज ऐकता तर त्याला आपलंच इंग्रजी चुकतंय असं वाटलं असतं. चिपळूणच्या शाळेत इंग्रजीत जेमतेम काठावर सुटलेली मी, पण सनद भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये भाजी चिरतानाही त्याच आवाजात बोलायचे. आमचे हे एकदा वैतागून म्हणाले, "सुर्वेबाई, लाइन घरी आली आहे. आता साधं बोला."

तर अशा बाईच्या स्विचबोर्डाशेजारी एक दिवस मेश्रामांनी जुना कॉम्प्युटर आणून ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, आता यातून फोन जाईल."

झालं. माझी नोकरी गेली, असं मी धरूनच चालले. पुढचे कित्येक दिवस मी त्या कॉम्प्युटरकडे सवत आणून बसवल्यासारखी बघत होते.

मेश्राम होते इंजिनियर, पण व्हिसावर 'टेक्निशियन' लिहिलेलं. आले तेव्हा मिळेल त्या व्हिसावर आले. मुलगी तेव्हा बालवाडीत होती. आता ती आठवीत गेली होती, आणि टेक्निशियनला फॅमिली व्हिसा मिळत नाही म्हणून बायको-मुलगी नागपूरलाच. दोन वर्षांतून एकदा रजा मिळाली की महिनाभर बाप, उरलेला काळ टेलिफोनवरचा आवाज.

आमचे मालक अबू जासिम. त्यांना दिवसभर सलमाबादच्या थोरल्या भावाशी फोनवर बोलायचं असायचं आणि फोनचं बिल आलं की त्यांचा चेहरा उतरायचा. मेश्राम त्यांच्याकडे गेले. मालाचा हिशेब ठेवायला तिन्ही जागांचे कॉम्प्युटर भाड्याच्या लाइनने आधीच जोडलेले होते. त्याच लाइनवरून आवाजही पाठवता येईल, असं त्यांनी सांगितलं. त्यासाठी लागणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर होता. जगातल्या कोणाकोणा अनोळखी माणसांनी तो लिहून सगळ्यांसाठी उघडा ठेवला होता. ज्याला हवा त्याने घ्यावा, आतून बघावा, दुरुस्त करावा आणि दुरुस्ती बाकीच्यांना सांगावी.

अबू जासिमना हे पटेना. हिंदी, इंग्रजी आणि अरबीच्या खिचडीत त्यांनी विचारलं, "हे विकतं कोण?"

"कोणी नाही."

"मग बिघडलं तर मी मान कोणाची धरू?"

"माझी," मेश्राम म्हणाले.

मालकांना हे उत्तर आवडलं. ते म्हणाले, "ठीक. हे चाललं तर तुला इंजिनियर करतो. मग आण तुझ्या घरच्यांना. इंशाल्ला."

त्या 'इंशाल्ला'ला मेश्राम दोन्ही हातांनी धरून बसले.

तिन्ही कॉम्प्युटरना त्यांनी नावं दिली. मनामाचा वैनगंगा, सलमाबादचा कन्हान, अस्करचा वर्धा. ज्या मुलखात एक नदी नाही, तिथे या माणसाने तीन वाहत्या केल्या. लवकरच सगळं ऑफिस त्याच भाषेत बोलू लागलं. "मेश्रामसाब, कन्हान सूख गया," असं केरळचा अकाउंटंटसुद्धा ओरडायचा. मग मेश्राम उठायचे, मोडेमवर तळहात ठेवायचे, आजारी मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा. आणि कोणालाच उद्देशून नाही असं म्हणायचे, "ताप आहे." टेबलफॅन आणून त्याच्यासमोर लावायचे. स्वतः मात्र भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बटणं लावलेल्या पूर्ण बाह्यांच्या शर्टात, फॅनच्या झोताबाहेर.

इंटरनेट तेव्हा फोनच्या लाइनवरून यायचं, तेही रडतखडत. प्रोग्रॅम उतरवायला दिवस जायचा आणि पूर्ण होत आला की लाइन तुटायची. मेश्राम चिडायचे नाहीत. "अर्धा आला होता," एवढं म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू. मला वाटायचं, हा माणूस कधी तरी टेबलावर मूठ आपटेल. मी असते तर कॉम्प्युटर खिडकीतून टाकला असता, वर खाली जाऊन त्याला लाथही घातली असती. पण नऊ-दहा वर्षं अर्ध्या गोष्टींवर काढलेल्या माणसाला अर्ध्या प्रोग्रॅमचं काय?

एकदाचा आवाज गेला. वैनगंगेतून कन्हानला! मेश्राम माइकमध्ये म्हणाले, "जयभीम." पलीकडून सलमाबादच्या स्टोअरमधल्या त्यांच्या मित्राचा घोगरा आवाज आला, "जयभीम." मग मला बोलायला लावलं. मी त्या डब्यालाही "हाऊ मे आय हेल्प यू" म्हटलं. पलीकडचा म्हणाला, "चहा पाठवा."

यात एक गोम होती. त्या कॉम्प्युटरमधलं आवाजाचं कार्ड एका वेळी एकच काम करायचं. एक तर बोलायचं, नाही तर ऐकायचं. म्हणून मेश्रामांनी नियम काढला: एकाने बोलायचं, दुसऱ्याने थांबायचं, आणि आपलं बोलून झालं की 'खलास' म्हणायचं. आम्हाला ते सोपं गेलं. "पंचवीस खिडक्या पाठवल्या, खलास." "मिळाल्या, खलास." हळूहळू माणसं समोरासमोर उभी राहूनही 'खलास' म्हणायला लागली. मी घरी ह्यांना म्हणाले, "मीठ जास्त झालंय का, खलास." हे म्हणाले, "हो, खलास," आणि ताट सरकवलं.

आवाज जातोय ही बातमी फुटली तसा आमचा ड्रायव्हर बाबी मेश्रामांच्या खुर्चीशी येऊन उभा राहिला. बाबी मालवणचा. गाडी तोंडाने चालवल्यासारखा सतत बोलणारा. पण त्या दिवशी त्याचा आवाज खाली होता. "साहेबानू, माका फकस्त आवशीचो आवाज ऐकूचो हा. ह्या डब्यातसून लावन दिया मरे."

"नाही होत बाबी. हे आपल्या तीन जागांपुरतंच आहे. परदेशात, तुझ्या आईला यातून फोन केला तर टेलिफोनवाले पकडतील, कायद्यात बसत नाही."

"कोणाक कळतला?"

"नाही कळलं तरी नाही."

"तुमका काय, तुमचा काळीज मशीनचा," असं काहीबाही पुटपुटत बाबी गेला. मलाही मेश्राम तेव्हा कोरडे वाटले. मी तर माझ्या ठेवणीतल्या आवाजात म्हणालेही, "एक फोन केला असता तर काय बिघडलं असतं?"

मेश्रामांनी मान वर केली नाही. "थांबा मॅडम. आधी ऐका. पकडलं तर माझी मान धरणार. आणि मानेवर दोघी जणी बसल्या आहेत."

शुक्रवारी बाजारात गेले तर टेलिफोनच्या बूथबाहेरच्या रांगेत हा माणूस उन्हात उभा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, हातात फोनचं कार्ड. पुढे बाबी. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. मी नमस्कार केला आणि मासे घ्यायला निघून गेले.

मालकांना दाखवायचा दिवस आला. मेश्रामांनी नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेषा दिसत होत्या. अबू जासिमच्या खोलीत वैनगंगा नेऊन ठेवली. कडक कहवा आला, खजूर आले. पलीकडे सलमाबादला कन्हानसमोर थोरले भाऊ बसले होते. नियम दोघांनाही समजावून सांगितला होता, दोघांनीही मान हलवली होती.

अबू जासिम माइककडे वाकले. "अस्सलामु अलैकुम."

"व अलैकुम—" पलीकडून आलं, आणि पुढचं गडप झालं. कारण अबू जासिमनी तेवढ्यात "शलोनक?", म्हणजे 'कसा आहेस', विचारलं होतं. पलीकडच्यानेही त्याच क्षणी तेच विचारलं होतं. मग तब्येत, घरचे, मुलं, अल्लाची मेहेरबानी, सगळं दोन्ही बाजूंनी एकदम. तिथली पद्धतच ती. दोघं भेटले की दोघंही एकाच वेळी चौकशी करतात, एकमेकांच्या उत्तरावर उत्तर चढवतात, आणि हे बराच वेळ चालतं. थांबून ऐकणं म्हणजे मन नसल्याचं लक्षण. डब्यातून "शलो... अल... हम्द... खब..." असे तुकडे पडायला लागले. मग तेही बंद.

अबू जासिम सरळ बसले. त्यांचा चेहरा पडला होता. "त्याने उत्तर दिलं नाही. माझ्यावर रागावला आहे का?"

"नाही सर, मशीन—"

"मी घरच्यांची विचारपूस केली. तो गप्प."

मेश्राम समजावत राहिले, केबल तपासत राहिले. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. थोरले भाऊ गाडी काढून सलमाबादहून थेट मनामाला आले होते. धापा टाकत. धाकटा भाऊ चौकशी अर्धवट सोडून गप्प झाला म्हणजे त्याला काही तरी झालं असणार, असं त्यांना वाटलं! दारातच दोघांनी एकमेकांना धरलं आणि राहिलेली चौकशी पहिल्यापासून सुरू केली, एकाच वेळी, मोठ्या आवाजात, मनसोक्त.

ती संपल्यावर अबू जासिम मेश्रामांना म्हणाले, "मफी फायदा, काही उपयोग नाही." रागाने नव्हे, दमून. "घेऊन जा हे."

मी वैनगंगेची वायर गुंडाळत होते. मेश्राम हळूच म्हणाले, "आपण 'जयभीम' म्हणून तपासलं, मॅडम. तुम्ही रामराम करता, आम्ही जयभीम. एका शब्दात काम होते. दहा वर्षं यांच्यात राहून मला हे काहून सुचलं नाही?"

मला सुचायला तर काहीच हरकत नव्हती. त्या दोघांचा फोन दिवसातून दहादा मीच जोडून द्यायचे. पण जोडून झाला की मी आरशात लिपस्टिक बघायचे.

त्यानंतर मेश्राम महिनाभर फार कमी बोलले. 'थकलो बावा' मात्र चुकलं नाही. त्या प्रोग्रॅमवर काम करणारा कोणी एक माणूस फिनलंडला राहायचा. त्याला त्यांनी ई-मेल केला. बोलणं आणि ऐकणं एकदम करणारी कार्डं आता मिळतात, त्यांच्यासाठी प्रोग्रॅममध्ये काय बदलावं लागेल? त्याने उलट विचारलं, तुमच्याकडची माणसं आळीपाळीने का बोलत नाहीत? मेश्रामांनी त्याला अरबी चौकशीवर एक लांबलचक पत्र लिहिलं. मला वाचून दाखवलं. इतक्या प्रेमाने कोणी खजुराबद्दलही लिहिलेलं मी ऐकलं नव्हतं. फिनलंडच्या माणसाचं उत्तर आलं, की त्यांच्याकडे तर दोन माणसं एकाच वेळी गप्प बसतात, त्यामुळे ही अडचण त्याच्या ध्यानात आली नव्हती. सोबत दुरुस्तीचा मजकूर होता. त्यातलं अर्धं चाललं, अर्धं मेश्रामांनी स्वतः रक्त आटवून बदललं.

एका दुपारी ते म्हणाले, "मॅडम, मी सलमाबादला जातो. तुम्ही इथं वैनगंगेवर बसा. मी बोलेन तेव्हा तुम्हीही बोला. मध्ये मध्ये नाही, एकदमच. थांबू नका."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. 'मी बोलत असताना तूही बोल' अशी विनंती एखाद्या पुरुषाने मला पहिल्यांदाच केली होती. घरी सांगितलं तर हे म्हणाले, "या कामाला आणखी कोणाचा अर्जच येणार नाही."

हेडफोन लावून मी बसले. मेश्राम म्हणाले, "सुरू." मी सुटले. काय बोलावं सुचेना, म्हणून सनदच्या बाजारातली भाजी, वरच्या मजल्यावरच्या बाईचं वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी, मुलाचं मराठीला इंग्रजीत उत्तर देणं, सगळं सांगत गेले. पलीकडून तेही बोलत होते. त्यांनाही बोलायला काही सुचलं नसणार. आणि माझ्या बडबडीखाली कोण ऐकणार, असंही वाटलं असणार.

"...पोरगी फोनवर येत नाही. आई म्हणते, बोल पप्पाशी, तर म्हणते काय बोलू त्यांच्याशी. मागच्या शुक्रवारी आली. हॅलो म्हणाली. मी हॅलो म्हणालो. मग ती थांबली, मीही थांबलो. कार्ड संपलं. आणखी दोन वर्षं अशीच गेली तर ती अहोजाहो करून बोलेल माझ्याशी, पाहुण्यासारखी..."

मुलाच्या इंग्रजीपाशीच मी थांबले.

"मॅडम? काहून थांबल्या?"

माझा तो ठेवणीतला आवाज कुठेच सापडेना.

"ऐकू आलं?" त्यांनी विचारलं.

"आलं."

"सगळं?"

"सगळं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मेश्राम म्हणाले, "म्हणजे चाललं."

दुसऱ्यांदा कहवा आला, खजूर आले. मेश्राम या वेळी रोजच्याच शर्टात होते. अबू जासिमनी सलाम केला आणि दोन्ही भाऊ एकदम सुटले. तब्येत, घरचे, मुलं, अल्लाची मेहेरबानी. एकावर एक, एकात एक, काही गळलं नाही, काही तुटलं नाही. मेश्राम भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते. एखादा गाणं ऐकतो तसे. बऱ्याच वेळाने चौकशी संपली तेव्हा थोरल्या भावाने विचारलं, "काम काय होतं?" अबू जासिमनी आठवायचा प्रयत्न केला आणि म्हणाले, "काही नाही."

'इंशाल्ला' मालकांनी पाळलं, पण त्याच्या स्वतःच्या गतीने. कागद या खिडकीतून त्या खिडकीत जात राहिले. तोवर नद्या वाहत्या ठेवणं चालूच. ते काम बसवण्यापेक्षा भारी. अस्करला धूळ, वर्धा गाळाने भरायची, मेश्राम ब्रश घेऊन जायचे. सलमाबादला वेल्डिंग सुरू झालं की कन्हानला घरघर लागायची. कोणी तरी प्लग काढून मोबाइल चार्जिंगला लावायचा. मेश्राम बाबीच्या गाडीतून जायचे, यायचे. बाबी एव्हाना पुन्हा बोलायला लागला होता; मेश्राम उत्तरं देत नसत, पण ऐकत. माझी नोकरीही गेली नाही. कोणाचं काय बंद पडलं हे मेश्रामांना कळवायला एक माणूस लागायचा, तो मी. कंपनीचा आवाज आता दिवसभर एवढंच म्हणायचा, "मेश्राम, कन्हान आटली."

पोस्ट बदलली. व्हिसा लागला. आमचंही तेव्हा बाडबिस्तरा बांधणं चाललं होतं; ह्यांची नोकरी संपत आली होती, आम्ही कायमचे चिपळूणला निघालो होतो. जायच्या आठवड्यात मेश्राम म्हणाले, "मॅडम, दुपारच्या विमानाने येऊन राहिल्या दोघी. तुम्ही येता का? सुषमाला बाईमाणूस दिसलं तर बरं वाटेल." मला वाटतं, त्यांना स्वतःलाच कोणी तरी सोबत हवं होतं.

बाबीने कंपनीची व्हॅन काढली. धुऊन आणली होती. आम्ही विमानतळावर उभे राहिलो. सुषमाताई ट्रॉली ढकलत आल्या, मागे पाठीला दप्तर लावलेली उंच मुलगी. मेश्रामांच्या खांद्याला लागत होती. ते पुढे गेले.

"प्रवास कसा झाला?" त्यांनी विचारलं, आणि थांबले.

"चांगला," मुलगी म्हणाली, आणि थांबली.

दोघं उभे. त्या फोनच्या कार्डाने दोघांनाही हीच शिस्त लावली होती. माझ्या तोंडात शब्द गर्दी करत होते. सुषमाताईंनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच मान हलवली. मी गप्प बसले. आयुष्यात फार वेळा नाही बसले.

व्हॅनमध्ये मी पुढे बाबीशेजारी. मागे बापलेक, मध्ये दप्तर, त्यांच्या मागे सामानाशी सुषमाताई. रस्त्यात पाणी दिसलं तशी मुलीने विचारलं, "हा समुद्र का?" आणि नेमकं त्याच वेळी मेश्राम म्हणाले, "भूक लागली असेल ना?"

दोघंही थांबले.

"बोल तू."

"नाही, तुम्ही बोला."

बाबीने आरशात बघितलं, त्याचं तोंड उघडलं, मी त्याच्या दंडाला चिमटा काढला. मग मागे एकदम दोघांनी सुरुवात केली. ती विमानातल्या जेवणाचं सांगत होती, ते समुद्राचं. या वेळी कोणी थांबलं नाही. ती 'पप्पा, ऐका ना' म्हणत होती, ते 'अगं, आधी तू पाहा तर' म्हणत होते. समुद्रावर जेवण, जेवणावर समुद्र. मी समोर बघत बसले. मला दोन्ही ऐकू येत होतं.

मेश्रामांच्या नव्या घरापाशी उतरलो. मेश्रामांनी मोठी बॅग उचलली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवली, बाह्यांची बटणं सोडली आणि बाह्या कोपरापर्यंत सारल्या. मनगटाच्या वरचे त्यांचे हात मी पहिल्यांदा पाहिले. मुलगी वरच्या पायरीवरून काही तरी विचारत होती, ते उत्तर देत होते, दोघांचं एकदमच चाललं होतं.

मग त्यांनी बॅग पुन्हा उचलली आणि म्हणाले, "थकलो बावा."

तेव्हा दुपार कलली होती. हे वाक्य दिवसाच्या या टोकाला मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.